अपग्रेडनंतर लिनक्स अडखळतंय? आधी रेंडरर बघा

सांगलीतल्या डीटीपीच्या दुकानात उबुंटू किंवा मिंट अपग्रेड केल्यावर खिडक्या अडखळत सरकत असतील, तर नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायची घाई करू नका. ‘मेसा-युटिल्स’ (mesa-utils) हे पॅकेज टाकून टर्मिनलमध्ये ‘जीएलएक्सइन्फो -बी’ (glxinfo -B) चालवा. रेंडरर म्हणजे पडद्यावरचं चित्र काढणारा; त्याच्यापुढे ‘एलएलव्हीएमपाइप’ (llvmpipe) दिसलं, तर सगळं चित्र कार्डाऐवजी बिचारा प्रोसेसरच काढतोय. ग्रबमध्ये, म्हणजे लिनक्स सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये, ग्राफिक्स ड्रायव्हरला अडवणारा जुना ‘नोमोडसेट’ (nomodeset) राहिला असल्यास काढा, ‘अपडेट-ग्रब’ (update-grub) चालवा.

एनव्हिडियाचं दुखणं वेगळं: नव्या कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) हेडर्स, म्हणजे बांधणीला लागणाऱ्या फाइली, नसतील, तर डीकेएमएस या ड्रायव्हर बांधणाऱ्या साधनाला मॉड्यूल (कर्नलला जोडायचा ड्रायव्हर) बांधताच येत नाही. हेडर्स टाका, ‘डीकेएमएस स्टेटस’ (dkms status) या कमांडमध्ये चालू कर्नलपुढे ‘इन्स्टॉल्ड’ हवं. तरीही मॉड्यूल चढेना, तर सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही नसलेले ड्रायव्हर अडवणारी सोय, चालू आहे का तपासा. चालू असेल तर ‘मोकयुटिल’ने (mokutil) ड्रायव्हरच्या सहीची चावी (एमओके) नोंदवून रीस्टार्ट करा आणि निळ्या पडद्यावर ‘एनरोल एमओके’ निवडा. तो पडदा 10 सेकंदांत निघून जातो, तेव्हा जागेवरून उठू नका.