एकच गिअर आणि ७२ वळणे: सिंगलस्पीडवर क्रिटेरियम धावताना या चुका टाळा

समजा, रविवारी पहाटे हिंजवडीच्या आयटी पार्कातले रस्ते मोकळे असताना क्लबने क्रिटेरियमसाठी, म्हणजे छोट्या बंद रस्त्यावर अनेक फेऱ्या मारण्याच्या शर्यतीसाठी, १.२ किलोमीटरची फेरी आखली आहे, तिला चार काटकोनी वळणे आहेत आणि शर्यत ३० मिनिटे अधिक तीन फेऱ्यांची आहे. घोळका ताशी ३६ किलोमीटरच्या सरासरीने गेला, तर अर्ध्या तासात १५ फेऱ्या होतात. शेवटच्या तीन धरून १८, म्हणजे एकूण ७२ वळणे. गिअरची सायकल असलेला स्पर्धक प्रत्येक वळणाआधी गिअर हलका करतो आणि वळण संपताच पुन्हा जड करतो. सिंगलस्पीडवाल्याला ही सोय नसल्याने वळणात गमावलेला वेग त्याला ७२ वेळा पायांच्या जोरावर परत मिळवावा लागतो. तो घोळक्यातून सुटतो ते सरळ रस्त्यावर कमी आणि वळणांवर जास्त. आणि ज्या चुकांमुळे सुटतो, त्यांतल्या बऱ्याचशा आदल्या रात्री घरीच झालेल्या असतात.

गिअर स्प्रिंटसाठी निवडणे

नवखा स्पर्धक गिअर ठरवताना शेवटच्या दोनशे मीटरचा विचार आधी करतो. त्याने आधी विचार करायला हवा तो सर्वांत संथ वळणाचा: त्यातून आपण किती वेगाने बाहेर पडतो आणि त्या क्षणी पाय मिनिटाला किती फिरतात? ७०० बाय २५ च्या टायरचा परीघ साधारण २.१ मीटर असतो. पुढे ४८ आणि मागे १५ दाते असतील, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे ६.७ मीटर पुढे जाते, तर ४६-१७ वर ती ५.७ मीटर जाते. वळणातून बाहेर पडताना वेग ताशी २४ किलोमीटर, म्हणजे मिनिटाला ४०० मीटर असेल, तर पहिल्या जोडीवर कॅडेन्स, म्हणजे मिनिटाला होणारे पेडलचे फेरे, ५९ च्या आसपास असतो आणि दुसऱ्या जोडीवर ७०. कागदावर हा फरक अकराचा दिसतो, पण ५९ वरून उभे राहून वेग पकडणे म्हणजे दर वळणाला एक छोटा चढ चढण्यासारखे आहे. दहाव्या फेरीपर्यंत मांड्या भरून येतात आणि पुढच्या सायकलचे चाक दोन हात लांब गेलेले असते.

उलट टोकालाही हिशोब आहेच. वेग ताशी ४५ किलोमीटरवर गेला, तर ४८-१५ वर पाय १११ ने फिरतात आणि ४६-१७ वर १३२ ने. १३२ हा आकडा अशक्य नाही, पण ज्याने त्याचा सराव केलेला नाही तो त्या वेगाला सीटवर उसळायला लागतो आणि पायांतला जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. सपाट फेरीसाठी मी ४६-१६ पासून सुरुवात करायला सांगेन. त्यावर वरचे दोन आकडे ६६ आणि १२४ असे येतात, आणि कोणत्या टोकाला आपली दमछाक होते ते एका शर्यतीत कळते. त्यानंतर मागचा एक दाता बदलला की गिअर सुमारे सहा टक्क्यांनी बदलतो, तर पुढचा एक दाता बदलल्याने जेमतेम दोन टक्क्यांनी. बारीक फेरफार करायचा असेल, तर तो पुढे करावा.

गिअरची परीक्षा चुकीच्या रस्त्यावर घेणे हीदेखील नेहमीची चूक आहे. कात्रजच्या जुन्या घाटात जो सुसह्य वाटतो, तो क्रिटेरियमला हलका पडतो. एनडीए रस्त्यावर वाऱ्याकडे पाठ करून एकट्याने जाताना जो झकास वाटतो, तो जड पडतो. दोन-तीन जणांनी मिळून एखाद्या मोकळ्या चौकोनी रस्त्यावर वळणे घेत वीस मिनिटे चालवून पाहणे हीच खरी परीक्षा होय.

फिक्स्ड आणि सिंगलस्पीड यांची गल्लत

दोन्हींना एकच गिअर असतो, एवढ्यावरून त्या एक होत नाहीत. फिक्स्डमध्ये चाक फिरते तोवर पेडलही फिरतच राहते; सिंगलस्पीडला मागे फ्रीव्हील, म्हणजे एकाच दिशेने पकडणारी दात्यांची चकती, असल्याने चालत्या सायकलीवर पेडल थांबवता येते. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये २००८ साली सुरू झालेल्या रेड हूक क्रिट या शर्यतीत बिनब्रेकच्या फिक्स्ड ट्रॅक सायकली धावत असत आणि तिची छायाचित्रे पाहून आपल्याकडची काही मुले तशीच सायकल घेऊन क्लबच्या शर्यतीला येतात. ती शर्यत निव्वळ अशाच सायकलींची होती. तिथे सगळ्यांवर बंधन सारखेच होते. रस्त्यावरच्या शर्यतींसाठी आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या नियमांत फिक्स्ड चाकाला बंदी आहे आणि दोन्ही चाकांवर चालणारे ब्रेक सक्तीचे आहेत. क्लबने हा नियम लेखी दिलेला नसला, तरी तोच गृहीत धरून फ्रीव्हील आणि दोन चांगले ब्रेक लावूनच उभे राहावे. फिक्स्डवर वळणात पेडल थांबवता येत नाही, त्यामुळे आतल्या बाजूचे पेडल रस्त्याला घासून मागचे चाक उचलले जाते, आणि त्याची किंमत मागून येणारे पाच जण मोजतात.

नट घट्ट आहे असे समजणे

या मुद्द्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथे माझी स्वतःची एक शर्यत गेली आहे. आदल्या रात्री मी मागचा १६ दात्यांचा फ्रीव्हील काढून १७ चा लावला. एक दाता वाढला की तीच चेन ठेवून चाक सुमारे ३ मिलिमीटर पुढे सरकवावे लागते. ते मी सरकवले, पण मागच्या चाकाचे नट पिशवीतल्या आखूड पान्याने आवळले. तिसऱ्या फेरीत वळणातून उभा राहून जोर लावला, तेव्हा मागून ‘सर्र’ असा आवाज आला आणि सायकल जड झाली. उतरून पाहिले, तर टायर डाव्या चेनस्टेला, म्हणजे पेडलपासून मागच्या चाकापर्यंत जाणाऱ्या फ्रेमच्या नळीला, टेकलेला होता आणि रंगावर बोटभर लांबीचा काळा पट्टा उमटला होता. उजव्या बाजूचा नट चेनच्या ओढीने पुढे घसरला होता, त्यामुळे चाक तिरपे होऊन डावीकडे गेले होते. अपघात किंवा पंक्चर झाल्यास एक फेरी माफ मिळते, त्या हिशोबाने मी पंचांच्या टेबलाशी गेलो. घड्याळावरून नजर न हटवता तिथल्या काकू म्हणाल्या, “नट सैल राहिला, याला बिघाड म्हणत नाहीत हो, याला आळस म्हणतात.” नियमाने त्या बरोबरच होत्या: नीट न आवळलेल्या किंवा नीट न जोडलेल्या भागामुळे झालेला खोळंबा सहसा माफीला पात्र धरला जात नाही.

लक्षण डाव्या बाजूला दिसले, तरी दोष उजव्या नटाचा असतो, हे ध्यानात ठेवावे. उपाय सोपे आहेत. १५ मिलिमीटरचा लांब दांड्याचा पाना वापरावा. नट आणि वॉशर यांच्या मधल्या भागाला व एक्सलच्या आट्यांना किंचित ग्रीस लावावे, पण फ्रेमचा जो भाग वॉशरच्या दातांनी पकडायचा असतो तो कोरडा आणि स्वच्छ ठेवावा. दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरी घेतली, की चाक हमखास तिरपे बसते. उजव्या बाजूला चेन ओढून धरणारा छोटा टेन्शनर बसवला, तर घसरण्याची शक्यता जवळजवळ उरत नाही. आणि चाक सरकवल्यावर ब्रेकचे रबर रिमवर नीट बसते आहे ना, टायरला लागत नाही ना, हे तपासल्याशिवाय झोपू नये.

चेन: फार सैल, फार ताठ

चेन उतरण्याची भीती एवढी असते की पुष्कळ जण ती वीणेच्या तारेसारखी ताणतात. मग पेडल फिरवताना घरघर येते, बेअरिंग लवकर झिजते आणि पाय विनाकारण जड होतात. चेनच्या मधोमध बोटाने वर-खाली दाबल्यावर ती एकूण साधारण अर्धा इंच हलायला हवी. मात्र हे एकाच जागी पाहून भागत नाही. पुढची चेनरिंग, म्हणजे पेडलजवळची दात्यांची चकती, क्वचितच अगदी मध्यात बसलेली असते, त्यामुळे पेडल सावकाश फिरवत चेन सर्वांत ताठ कुठे होते ते शोधावे आणि अर्ध्या इंचाची ढील त्या जागी ठेवावी. ताठ आणि सैल जागांत फार फरक पडत असेल, तर चेनरिंगचे बोल्ट किंचित सैल करून ती हलक्या हाताने ठोकून मध्यात आणता येते.

ढील योग्य असूनही चेन उतरत असेल, तर मागून पाहावे. पुढचे आणि मागचे दाते एका सरळ रेषेत नसतात, हे बहुधा कारण निघते, विशेषतः जुन्या गिअरच्या सायकलीचे रूपांतर केलेले असेल तेव्हा. तिथे मागचे स्पेसर, म्हणजे अंतर राखणाऱ्या चकत्या, बदलून रेषा जुळवावी. चेनची रुंदी हीही एक भानगड आहे: ३/३२ इंची चेन १/८ इंची दात्यांवर बसतच नाही, उलटे चालते, पण आवाज करते.

जोर लावला की पेडल क्षणभर रिकामे फिरून मग ‘खट्’ करून पकडत असेल, तर फ्रीव्हीलमधले खटके अडकत आहेत. पावसात धुतलेल्या सायकलीत किंवा घट्ट ग्रीस भरलेल्या फ्रीव्हीलमध्ये डिसेंबरच्या थंड पहाटे हे हटकून होते. पातळ तेलाने ते सुटले नाही, तर फ्रीव्हील बदलावे. शर्यतीत पेडलवर उभे असताना खटका निसटला, तर छाती थेट हँडलवर आदळते.

वळणात ब्रेक, आणि घोळक्याची शेपटी

सायकल कितीही नीट लावली, तरी पुढच्या दोन चुका सगळे कमावलेले घालवतात. पहिली म्हणजे वळणाच्या आत शिरल्यावर ब्रेक दाबणे. ब्रेक वळणाआधी, सायकल सरळ असताना, थोडासा लावावा; वळणात बाहेरचे पेडल खाली, वजन त्याच पायावर, आणि नजर वळण जिथे संपते तिथे. वळण पुरते संपण्याआधी आतले पेडल फिरवण्याची घाई झाली, तर ते घासते. १६५ मिलिमीटरची आखूड क्रँक, म्हणजे पेडलचा दांडा, असेल, तर थोडी अधिक मोकळीक मिळते. पुण्याच्या रस्त्यांवर योग्य रेषा शोधताना भूमिती बाजूला ठेवून रस्त्याचा पृष्ठभागही पाहावा लागतो: झेब्रा क्रॉसिंगचे जाड पांढरे पट्टे दवानेसुद्धा निसरडे होतात, चेंबरची झाकणे वळणाच्या नेमक्या टोकाला असतात, आणि बांधकामाच्या ट्रकांमधून सांडलेली कच आतल्या बाजूला साचते. वॉर्म-अपच्या दोन फेऱ्या त्यासाठी संथपणे, डोळे उघडे ठेवून माराव्यात.

दुसरी चूक म्हणजे घोळक्याच्या शेवटी राहणे. वळणाशी पुढचा स्पर्धक ताशी दोन किलोमीटरने मंदावला, तर विसावा मनुष्य जवळपास थांबतो, आणि मग तुटलेले अंतर भरून काढायला त्याला पुढच्यापेक्षा बराच जास्त जोर लावावा लागतो. गिअरवाला हे सोसतो, सिंगलस्पीडवाला नाही. पहिल्या आठ-दहा जणांत राहावे, पण सर्वांत पुढे नको. वारा कापणाऱ्याच्या मागे राहिल्याने वाचणारी शक्ती हीच आपली शिल्लक असते. जागा सरकवायची ती सरळ रस्त्याच्या मध्यावर, बाहेरच्या बाजूने, वळणाच्या तोंडाशी कधीही नाही.

घंटेनंतर

शेवटच्या फेरीची घंटा झाली की हलक्या गिअरवाला बहुधा घाबरून लांबून सुटतो आणि शंभर मीटर आधीच पाय फिरून संपतात. त्याचे बळ झटक्यात आहे, टिकाऊ वेगात नाही. त्याने कुणाच्या तरी मागच्या चाकाला चिकटून अखेरचे वळण तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर घ्यावे आणि वळण सुटताच, इतर अजून गिअर शोधत असताना, निघावे. जड गिअरवाल्याचे उलट आहे: त्याला वेग चढायला वेळ लागतो, म्हणून त्याने अखेरच्या वळणाच्या आधीच्या सरळ रस्त्यावरच वेग वाढवायला घ्यावा आणि वळणात तो जितका राखता येईल तितका राखावा. आपण यांपैकी कोण आहोत हे आदल्या रात्री फ्रीव्हील लावताना ठरलेले असते, त्यामुळे हँडलवर कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर आपले निघण्याचे ठिकाण, म्हणजे अमुक दिव्याचा खांब किंवा तमुक गेट, लिहून ठेवायला हरकत नाही. मी लिहितो. घाम डोळ्यांत गेल्यावर ती वाचता येत नाही, पण लिहिताना ते ठिकाण पाठ झालेले असते.