इमेजपुलबॅकऑफ आलंय? परमिशनच्या या चुका टाळा

कुबरनेटिसमध्ये पॉड (कंटेनर चालवणारं सगळ्यात छोटं युनिट) इमेजपुलबॅकऑफमध्ये, म्हणजे त्याची इमेज (ॲपचं पॅकेज) ओढता येत नाही या स्टेटसमध्ये, अडकला की लोक पहिलं काय करतात, तर पॉड डिलीट. परत तेच आलं की डिप्लॉयमेंट डिलीट, मग नोड (पॉड चालतात ते मशीन) रीस्टार्ट, आणि शेवटी ग्रुपवर एक स्क्रीनशॉट ज्यात फक्त स्टेटसचा कॉलम दिसतोय. अरे पण कुबेक्टल डिस्क्राइब पॉड मारून खालचे इव्हेंट वाचा ना आधी. बॅकऑफ हे कारण नाहीये, कुबलेट (प्रत्येक नोडवरचा कुबरनेटिसचा एजंट) एवढंच सांगतोय की इमेज ओढून बघितली, जमलं नाही, थोड्या वेळाने परत बघतो. कारण इव्हेंटमध्ये लिहिलेलं असतं. ४०१ किंवा 'नो बेसिक ऑथ क्रेडेन्शियल्स' दिसलं तर बहुतेक वेळा क्रेडेन्शियल पोचलेलंच नसतं, ४०३ दिसलं तर पोचलंय पण रजिस्ट्री (जिथे इमेज ठेवतात) नाही म्हणतेय, आणि आय-ओ टाइमआउट असेल तर परमिशनला हात लावू नका, नेटवर्क बघा. डॉकर हब मात्र इमेजचं नाव चुकलं तरी आणि लॉगिन नसलं तरी एकच मेसेज देतं, तिथे आधी स्पेलिंग तपासा.

इमेज ओढतंय कोण, हेच माहीत नसणं

या चुकीचा मला खरंच कंटाळा आलाय. इमेज तुमचा पॉड ओढत नाही, नोडवरचा कुबलेट ओढतो, आणि तेही तुमचं ॲप सुरू व्हायच्या आधी. त्यामुळे पॉडच्या सर्व्हिस अकाउंटला (पॉडची क्लस्टरमधली ओळख) एडब्ल्यूएसचा आयएएम रोल (परमिशनचा संच) लावून त्यात ईसीआरच्या (एडब्ल्यूएसची रजिस्ट्री) परमिशन भरल्या तरी काही होत नाही, तो रोल ॲपसाठी आहे. ईकेएसवर, म्हणजे एडब्ल्यूएसच्या कुबरनेटिसवर, परमिशन नोडच्या रोलला लागते (रीडओन्ली किंवा नंतर आलेली पुलओन्ली पॉलिसी), फारगेट (नोड स्वतः न सांभाळता पॉड चालवायची सोय) असेल तर पॉड एक्झिक्युशन रोलला. जीकेईवरही (गूगलचं कुबरनेटिस) तेच, वर्कलोड आयडेंटिटी (पॉडला क्लाउडची ओळख देणारी सोय) कितीही सुंदर सेट केली असेल तरी इमेज येते नोडच्या सर्व्हिस अकाउंटवर, त्याला आर्टिफॅक्ट रजिस्ट्री रीडर (गूगलच्या रजिस्ट्रीतून वाचायचा रोल) द्यायचं, आणि रजिस्ट्री दुसऱ्या प्रोजेक्टमध्ये असेल तर त्या प्रोजेक्टमध्ये जाऊन द्यायचं. एकेएसवर (ॲझ्युरचं कुबरनेटिस) दोन आयडेंटिटी असतात, एक क्लस्टरची आणि एक कुबलेटची, आणि लोक हमखास एसीआरपुल रोल (एसीआर या ॲझ्युरच्या रजिस्ट्रीतून इमेज ओढायचा) क्लस्टरच्या आयडेंटिटीला देऊन मोकळे होतात. तिथे मी हाताने रोल देतच नाही, अटॅच-एसीआर वापरतो आणि मग चेक-एसीआर चालवून बघतो.

आणि लॅपटॉपवर डॉकर पुल चालतंय हा पुरावा नाही. लॅपटॉपवर तुम्ही ॲडमिन आहात. नोडवर शिरून क्रिक्टल (नोडवरचे कंटेनर तपासायचं टूल) पुल मारलंत आणि ते फेल गेलं, तर तोही पुरावा नाही, कारण क्रिक्टल कुबलेटची क्रेडेन्शियल वापरत नाही. मी त्याच नेमस्पेसमध्ये (क्लस्टरमधला कप्पा), त्याच सर्व्हिस अकाउंटवर तीच इमेज घेऊन एक साधा पॉड टाकतो, पुल पॉलिसी ऑलवेज ठेवून. कॅशमधली जुनी इमेज उचलून सगळं ठीक असल्याचा भास नको.

१२ तासांचा टोकन सीक्रेटमध्ये टाकणं

एका टीममध्ये रजिस्ट्री वेगळ्या एडब्ल्यूएस अकाउंटमध्ये होती आणि क्लस्टर वेगळ्या. रिपॉझिटरी पॉलिसी (इमेज कोण ओढू शकतं ते ठरवणारा रजिस्ट्रीकडचा नियम) कोण लिहीत बसणार, म्हणून एका घाईतल्या भाऊंनी लॅपटॉपवरून ईसीआरचा लॉगिन पासवर्ड काढला, त्याचं इमेज पुल सीक्रेट (क्लस्टरमध्ये ठेवलेलं रजिस्ट्रीचं लॉगिन) बनवलं, पॉड चालू झाले, संध्याकाळी सगळं हिरवं, भाऊ घरी. हा पासवर्ड, म्हणजेच टोकन, १२ तासांत मरतो. रात्री ट्रॅफिक कमी झालं, ऑटोस्केलरने काही नोड काढून टाकले, सकाळी नवीन नोड आले आणि त्यांच्याकडे ना इमेज ना जिवंत टोकन. जुन्या नोडवरचे पॉड मजेत चालू, नवीन नोडवरचे सगळे अडकलेले, मग काय, सगळ्यांनी मिळून नोडच्या इमेज व्हर्जनला धारेवर धरलं. इव्हेंटमध्ये टोकन एक्सपायर झाल्याचं स्वच्छ लिहिलं होतं. कुणीतरी सीक्रेट परत बनवलं, चाललं, आणि दुसऱ्या दिवशी परत तोच तमाशा. मग अजून हुशारी, टोकन ताजा करायला क्रॉनजॉब (ठरावीक वेळी आपोआप चालणारं काम) लावला, आणि त्या क्रॉनजॉबची स्वतःची इमेज त्याच प्रायव्हेट रजिस्ट्रीत! एक रन चुकला आणि टोकन मेला की तो टोकन आणणाराच टोकनवाचून बाहेर उभा, घराची किल्ली घरातच ठेवून लॅच ओढल्यासारखं.

शेवटी केलं काय, तर रजिस्ट्रीवाल्या अकाउंटमध्ये रिपॉझिटरी पॉलिसी लिहून नोडच्या रोलला बॅच-गेट-इमेज आणि गेट-डाउनलोड-यूआरएल-फॉर-लेयर दिलं. गेट-ऑथरायझेशन-टोकन नोडच्या रोलकडे आधीपासून होतंच, ते रिपॉझिटरीच्या पॉलिसीत देता येत नाही, आयएएममध्ये रिसोर्स स्टार ठेवूनच द्यावं लागतं. सीक्रेट आणि क्रॉनजॉब दोन्ही उडवले. हे काम पहिल्याच दिवशी चहा होईपर्यंत झालं असतं. क्लाउडची स्वतःची रजिस्ट्री आणि त्याच क्लाउडचा क्लस्टर असेल तर सीक्रेट लागायलाच नको असं माझं मत आहे, दिसलं की मला शंका येते.

बाहेरची रजिस्ट्री असेल तर सीक्रेट लागणारच, तेव्हा एवढं बघा. सीक्रेट नेमस्पेसपुरतं असतं, डिफॉल्टमध्ये बनवून प्रॉडमध्ये शोधू नका. लॅपटॉपची डॉकर कॉन्फिग फाइल उचलून सीक्रेट बनवत असाल तर ती उघडून बघा, मॅकवर आणि डॉकर डेस्कटॉपवर पासवर्ड बहुतेक कीचेनसारख्या (पासवर्ड साठवणाऱ्या) ठिकाणी असतो आणि फाइलमध्ये ऑथच्या जागी काहीच नसतं. आणि सर्व्हिस अकाउंटला सीक्रेट जोडलं तर ते फक्त त्यानंतर बनलेल्या पॉडना मिळतं, जुने पॉड उडवावे लागतात. (हो, इथे डिलीट चालेल.)

प्रायव्हेट सबनेटमध्ये टाइमआउट येत असेल आणि ईसीआरचे दोन्ही एंडपॉइंट (इंटरनेटशिवाय पोचायचे खासगी मार्ग) लावलेले असतील, तर एस-थ्रीचा (एडब्ल्यूएसचं फाइल स्टोरेज) गेटवे एंडपॉइंट बघा. इमेजचे लेयर तिथूनच येतात.

फिक्स बरोबर, पण धीर नाही

रोल दिला, दहा सेकंद बघितलं, अजून लाल, लगेच ओनर (सगळ्या परमिशन असलेला रोल) देऊन टाकला. असं करू नका हो. नवीन रोल लागू व्हायला काही मिनिटं जातात, ॲझ्युरवर तर जास्तच जाणवतं, आणि वर कुबलेटचा बॅकऑफ वाढत वाढत ५ मिनिटांपर्यंत जातो. म्हणजे परमिशन बरोबर बसलेली असते, पॉड फक्त पुढच्या प्रयत्नाची वाट बघत असतो, आणि तेवढ्यात तुम्ही बरोबर केलेला बदल मागे घेऊन दुसरंच काहीतरी लावता, मग नक्की कशाने चाललं ते कुणालाच सांगता येत नाही. एका वेळी एकच बदल करा, पाचेक मिनिटं थांबा, मग पॉड डिलीट करून नवीन पॉडचे इव्हेंट बघा. घाईघाईत दिलेला ओनर रोल नंतर कुणीही काढत नाही, ऑडिटवाले येईपर्यंत.