कंपनीत वकील म्हणून लागण्याआधी: बेळगावच्या मुलामुलींसाठी

एलएलबी होऊन उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या किंवा साखर कारखान्यातल्या लीगल खात्यात नोकरीची संधी आली, की मुलं आधी पगार विचारतात. मी त्यांना आधी सनदेबद्दल, म्हणजे वकिलीच्या परवान्याबद्दल विचारतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी करताना वकिली करता येत नाही. राज्य वकील परिषदेला कळवून सनद स्थगित करून घ्यावी लागते. त्यामुळे उद्या कंपनीचीच केस बेळगावच्या कोर्टात लागली, तरी वकीलपत्र बाहेरच्या वकिलाचं. तुम्ही कंपनीचे प्रतिनिधी म्हणून मागच्या बाकावर बसायचं आणि लागतील तसे कागद पुरवायचे. न्यायाधीश व्हायचं मनात असेल तर अजून एक गोष्ट. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशपदासाठी तीन वर्षं वकिलीची अट परत आणली आहे. कंपनीतली वर्षं त्यात धरली जातील या भरवशावर राहू नका.

पुढच्या बहुतेक अडचणींचं मूळ एकच: इथे अशील आणि मालक एकच असतो. कोर्टातल्या वकिलाला न पटणारं अशील सोडता येतं. आपलं अशील पगार देतं आणि इन्क्रिमेंटही तेच ठरवतं.

याचा पहिला फटका गुप्ततेला बसतो. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात स्पष्ट केलं, की वकील-अशील संवादाला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ चं जे संरक्षण आहे, ते कंपनीच्या नोकरीतल्या वकिलाला नाही. कलम १३४ खाली मर्यादित संरक्षण मिळतं, पण मालक आणि तुमच्यातल्या बोलण्यासाठी तेही सांगता येत नाही. म्हणून ईमेलमध्ये घडलं तेवढंच लिहा, शेरे मारू नका. नाजूक विषयावरचं मत सनदधारक वकिलाकडून घ्या. मालक रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज टाकून सगळं विचारतील. उत्तर सकाळी समोर बसून द्यावं.

खरी कसोटी मात्र वसुलीत लागते. आपल्याकडची फाउंड्री पुण्याच्या मोठ्या कंपनीला कास्टिंग देते. गिऱ्हाइकाच्या छापील पीओवर (खरेदीच्या ऑर्डरवर) ९० दिवसांनी पैसे आणि वाद झाल्यास पुणे न्यायालय, असं लिहिलेलं असतं. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल तर एमएसएमई कायदा, २००६ प्रमाणे लेखी ठरवूनही मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. शिवाय गिऱ्हाईक देशात कुठेही असो, पुरवठादार ज्या राज्यात आहे तिथल्या सूक्ष्म-लघु उद्योग सुविधा परिषदेकडे दाद मागता येते. पीओवर पुणे छापलंय म्हणून पुण्याला पळावं लागत नाही. फक्त उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणी) ऑर्डर घेण्याआधीची असू द्या, नंतरच्या नोंदणीवर वाद होतात.

एवढं सगळं बाजूने असताना नोटीस का जात नाही? सेल्सवाले सांगतात, "वकीलसाहेब, नोटीस काढलासा की पुढची ऑर्डर गेली बघा." आणि ते खोटं बोलत नसतात. अशा वेळी मी नोटिशीऐवजी गिऱ्हाइकाच्या अकाउंट्स खात्याला दोन ओळींचं पत्र पाठवायला सांगतो: २०२३-२४ पासून आयकर कायद्याप्रमाणे मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष दिल्याशिवाय तुम्हालाच खर्चाची वजावट मिळत नाही. मार्च जवळ आला की या पत्राला वजन येतं. हाताखाली कायदा आहे म्हणून तो लगेच वापरायचा, ही कॉलेजातली खोड इथे सोडावी लागते. पण मुदतीच्या कायद्याप्रमाणे दावा लावायची तीन वर्षं संपत आली, तर सेल्सचं ऐकायचं नाही. तेव्हा थेट मालकांकडे जायचं, तेही लेखी.

सीमाभागाची म्हणून वेगळी कटकट आहे. एकाच मालकाचा एक कारखाना उद्यमबागेत, दुसरा महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यातल्या शिनोळीत. मध्ये राज्याची हद्द. स्टॅम्प ड्युटी आणि व्यवसाय कर दोन्हीकडे वेगळा. उच्च न्यायालयात जायची वेळ आली तर इथल्या कारखान्यासाठी धारवाड खंडपीठ, शिनोळीसाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच. करार कुठे सही झाला, कोणत्या राज्याच्या स्टॅम्पवर, हे फाइलच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

आणि कन्नड. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्यापैकी बऱ्याच जणांना बोलता येतं, पण सरकारी खात्याची कन्नड नोटीस हातात आली की शेजारच्या टेबलावरच्या माणसाकडे बघावं लागतं. वाचायला शिका. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. नोटिशीची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही.

लहान कंपनीत तुम्ही एकटेच वकील असाल. चेक बाउन्स, जागेचे उतारे, कामगारांच्या तक्रारी सगळं तुमच्याच टेबलावर. मुलाखतीत दोन गोष्टी विचारून घ्या: मी कोणाला रिपोर्ट करणार, आणि करार सही होण्याआधी माझ्याकडे येतो की नंतर? सेल्स हेडच्या हाताखाली बसवत असतील, तर पगार चांगला असला तरी मी दोनदा विचार करीन. करार सहीनंतर येत असेल, तर पहिल्या महिन्यातच एमडींकडून सर्क्युलर काढून घ्या, की लीगलच्या सहीशिवाय करार पुढे जाणार नाही. तसं सर्क्युलर निघालं, तरी परचेसवाले पहिले दोन-चार करार तुम्हाला चुकवून नेतीलच.