रोजगार हमी योजना (रोहयो) आणि मजुरीवर लिहिताय? या चुका टाळा

डिसेंबरात गावात जाऊन बेरोजगारी मोजू नका. अर्थशास्त्राच्या मुलांचे प्रकल्प अहवाल तपासताना ही चूक मला दरवर्षी भेटते, म्हणून तीच आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमचा एक गट बीड जिल्ह्यात, धारूर-वडवणीकडच्या डोंगरपट्ट्यात सर्वेक्षणाला गेला. निम्म्या घरांना कुलपं. उरलेली माणसं कापूस वेचायला गेलेली. शेतकरी म्हणत, "माणूस मिळंना, मागंल ती रोजी द्यावी लागती." पोरांनी लिहिलं: गावात बेरोजगारी नाही, रोहयोमुळे मजूर टंचाई झाली आणि मजुरी चढली. मी त्यावर सही केली, याचं मला आजही वाईट वाटतं.

मे महिन्यात त्याच गावात पुन्हा जाणं झालं. कुलपं निघाली होती, ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्यांवरून परतल्या होत्या. भर सकाळी पारावर धडधाकट माणसं बसून होती. रोजी डिसेंबरपेक्षा बरीच उतरलेली, आणि तीही आठवड्यातून दोन-तीन दिवसच. विचारपूस केल्यावर कळलं की त्या डिसेंबरात गावात रोहयोचं एकही काम चालू नव्हतं. मजूर नेले होते ऊसतोडीनं. नवरा-बायकोच्या जोडीनं, म्हणजे एका "कोयत्या"नं, टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल म्हणजे आगाऊ पैसे घेतले, की ते कुटुंब मार्च-एप्रिलपर्यंत गावच्या मजुरीच्या बाजारात नसतंच.

तेव्हापासून मी चार फेऱ्या करायला लावतो: जुलैत खुरपणीला, ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला, मग जानेवारी आणि मे. दोनच जमणार असतील तर त्यातली एक मेची हवीच. एका फेरीत उरकायची घाई असेल तर दुसरा विषय घ्या. केंद्राच्या रोजगार हमीवरच्या देशभराच्या अभ्यासातही खाजगी मजुरी वाढलेली दिसली ती कोरड्या महिन्यांत, पाचेक टक्क्यांनी. ऐन हंगामात तसा परिणाम दिसला नाही. म्हणजे "रोहयोनं सुगीत मजूर पळवले" हे वाक्य लिहिण्याआधी रोहयोच्या कामांचे मस्टर, म्हणजे हजेरीपट, कोणत्या महिन्यांत निघाले ते तपासा.

"रोजी किती?" एवढंच विचारून परतू नका. बाईची वेगळी, गड्याची वेगळी, किती तासांची, हे विचारा. सोयाबीन काढणी एकरावर उक्ती, म्हणजे ठोक दरानं, दिलेली असते, कापूस वेचणी किलोवर. तिथं "रोजी" तुम्हालाच काढावी लागते. रोहयोत बाईला आणि गड्याला दर एकच, पण पैसे मिळतात ते खोदलेल्या मातीच्या मोजमापावर. म्हणून सरकारी दर हा हातात पडलेला पगार समजू नका. बँकेचं पासबुक बघा.

दुसरी चूक मला जास्त टोचते: कामावर आलेली माणसं म्हणजेच काम मागणारी माणसं, असं धरणं. 1988 साली महाराष्ट्रात किमान वेतनाबरोबर रोहयोची मजुरी जवळपास दुप्पट झाली. त्यानंतर कामावरची हजेरी घसरली. नवखा विद्यार्थी आलेख बघून लिहितो की लोकांना गरज उरली नाही. पण दर दुप्पट झाल्यावर लोक कामाकडे पाठ का फिरवतील? झालं असं की खर्च आवाक्यात ठेवायला कामंच कमी निघाली आणि मागणाऱ्यांना ती पुरली नाहीत. दर वाढवला आणि पैसा तेवढाच ठेवला, तर हमी कागदावर राहते. मजुरीवरचा परिणामही तिथंच विरतो, कारण रोहयोचं काम खरंच मिळणार असेल तरच मजूर शेतकऱ्याला "एवढ्यात येत नाही" म्हणू शकतो. केंद्राच्या कायद्यात मागणीनंतर पंधरा दिवसांत काम किंवा बेकारी भत्ता, अशी तरतूद होती. पण नमुना 4, म्हणजे कामाच्या मागणीचा अर्ज, भरून तारखेची पोच घेतलेली नसेल, तर मागणी कुठं नोंदलीच जात नाही. मी मुलांना ग्रामपंचायतीचा आकडा घेऊ देतो, पण सोबत पन्नास घरी विचारायला लावतो: काम मागितलं होतं का, पोच आहे का?

केंद्राचा कायदा लागू झाला 2006 साली, पण त्याच्या आधी योजना नव्हती असं धरून "आधी आणि नंतर" ची तुलना करू नका. इतर राज्यांत ती चालेल. आपल्याकडे 1972 च्या दुष्काळातून, वि. स. पागे यांच्या आग्रहातून आलेली योजना होती, आणि तिचा कायदा 1979 पासून लागू होता. नांदेड-हिंगोलीत केंद्राचा कायदा पहिल्या टप्प्यात आला तेव्हा तिथले म्हातारे मजूर या जुन्या योजनेच्या पाझर तलावांवर राबून मोकळे झाले होते.

दोन सालांची मजुरी महागाई वजा न करता शेजारी मांडू नका. शेतमजुरांचा वेगळा किंमत निर्देशांक निघतो, तो वापरा.

प्रशिक्षण योजनेचं विद्यावेतन मजुरीत धरू नका.

आणि सरकारी सर्वेक्षणातला बेरोजगारीचा दर उचलण्याआधी त्याची व्याख्या वाचा. चालू साप्ताहिक स्थितीत आठवड्यात एक तास काम केलेला माणूसही रोजगारात मोजला जातो. मेमध्ये पारावर बसलेल्यांपैकी बहुतेक जण या हिशेबानं बेरोजगार ठरले नसते.