ओळखीच्या शब्दांपासून सावध: बौद्ध तंत्राचा अभ्यास सुरू करताना

'ॐ वज्रसत्त्व समयमनुपालय...' वज्रसत्त्व या बौद्ध तांत्रिक देवतेच्या शताक्षरी मंत्राची ही सुरुवात. वर्गात पहिल्यांदा तिचा अर्थ लिहायला सांगितला तेव्हा मी बिनदिक्कत लिहिलं, 'हे वज्रसत्त्वा, वेळ पाळ.' शाळेपासून संस्कृत, घरी मराठी. कोश उघडावा असं मनातही आलं नाही. इथे 'समय' म्हणजे दीक्षा घेताना शिष्य स्वीकारतो ते बंधन, दिलेला शब्द. त्याचं रक्षण कर, अशी ती विनवणी आहे.

मराठी माणसाला या विषयात सगळ्यात जास्त दगा देतात ते असे ओळखीचे शब्द. अनोळखी शब्दापाशी आपण थांबतो, ओळखीच्या शब्दावरून सरळ पुढे जातो.

मला यातून सोडवलं तिबेटी भाषेने. तिबेटी अनुवादकांनी भारतीय पंडितांसोबत बसून एकेका संस्कृत संज्ञेला प्रतिशब्द ठरवले. नवव्या शतकाच्या सुरुवातीचा 'महाव्युत्पत्ति' हा कोश त्यासाठीच झाला. आपल्याला जिथे एकच 'समय' दिसतो, तिथे तिबेटीत वचनाला 'दमछिग' आणि काळाला 'दू' असे वेगळे शब्द आहेत. कालचक्र या तंत्राचं तिबेटी नाव 'दूखोर', त्यात हा 'दू' आहे. 'अभिषेक' वाचला की आपल्याला पिंडीवरची दुधाची धार दिसते, पण तिबेटी शब्द आहे 'वांग': अधिकार, सामर्थ्य. म्हणजे राज्याभिषेक आठवला तर आपण अर्थाच्या जवळ जातो. अभिषेकाने साधनेचा अधिकार मिळतो. अनुत्तर, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गातल्या, तंत्रांत तो चार टप्प्यांत होतो: कलश, गुह्य, प्रज्ञाज्ञान आणि ज्याला नुसतंच 'चौथा' म्हणतात तो. 'डाकिनी' म्हटल्यावर गावाकडची डाकीण डोळ्यांपुढे येते. तिबेटीत ती 'खांड्रोमा', आकाशात संचार करणारी.

खुद्द 'तंत्र' शब्दाचंही तसंच. आपल्या कानाला त्यात एकतर तंत्रज्ञान ऐकू येतं, नाहीतर लिंबू-मिरची आणि करणी. गुह्यसमाजतंत्र म्हणतं, 'प्रबन्धं तन्त्रमाख्यातम्'. (आणि हा 'प्रबंध' विद्यापीठाला सादर करायचा नाही!) प्रबंध म्हणजे न तुटणारा प्रवाह. तिबेटी 'ग्यू' या शब्दातही सलग धाग्याचीच कल्पना आहे. साधक आज जसा आहे तिथपासून बुद्धत्वापर्यंत चित्ताचा धागा एकच, हा या शब्दामागचा विचार.

सगळ्यात जास्त वेळ द्या तो देवतायोगाला, म्हणजे स्वतःला देवतारूपात पाहण्याच्या साधनेला. तारा, हेवज्र, चक्रसंवर यांची चित्रं पाहून नवखा माणूस 'हे यांचे देव' म्हणतो आणि तिथेच चुकतो. साधनेचा क्रम बारकाईने पाहा. आधी 'ॐ शून्यताज्ञानवज्रस्वभावात्मकोऽहम्' म्हणत साधक स्वतःसकट सगळं शून्यतेत, म्हणजे कशालाच स्वतंत्र स्वभाव नाही या जाणिवेत, विरवतो. त्या मोकळ्या अवकाशात एक बीजाक्षर उमटतं, त्यातून देवता आकार घेते आणि ती देवता साधक स्वतःच असतो. हा उत्पत्तिक्रम. पुढे निष्पन्नक्रमात शरीरातल्या सूक्ष्म नाडी, वायू आणि बिंदूंवर काम चालतं. शून्यता समजलेली नसेल तर यातून उरतो फक्त फुगलेला 'मी'. म्हणून माझा आग्रह असतो, की आधी माध्यमिक मत, म्हणजे नागार्जुनाचं शून्यतेचं दर्शन, वाचा, बोधिचित्त (सर्वांच्या भल्यासाठी बुद्ध होण्याचा संकल्प) म्हणजे काय ते नीट समजून घ्या, मगच तंत्रग्रंथ उघडा. मी उलट्या क्रमाने गेले आणि दोन सत्रं वाया घालवली.

उजव्या हातातलं वज्र म्हणजे उपाय, करुणा. डाव्या हातातली घंटा म्हणजे प्रज्ञा, शून्यता. लामा पूजेत दोन्ही एकदम हाती घेतात, कारण एकीवाचून दुसरं अपुरं.

ग्रंथांची भाषा आणखी एक कसोटी. हेवज्रतंत्रात सांकेतिक शब्दांची यादीच दिली आहे: 'मदन' म्हणजे मद्य, 'बल' म्हणजे मांस. बंगाली संशोधक हरप्रसाद शास्त्रींना १९०७ साली नेपाळात चर्यापदं, म्हणजे बौद्ध सिद्धांची जुनी गाणी, सापडली. तिथल्या गूढ बोलीला ते संध्याभाषा, सांजवेळेची अंधूक भाषा, म्हणाले. पुढे संस्कृत पंडित विधुशेखर भट्टाचार्यांनी मूळ शब्द 'संधाभाषा', अभिप्राय मनात धरून बोललेली भाषा, असल्याचं मांडलं. मला हेच पटतं. संतांचे कूट अभंग ऐकत वाढलेल्या कानांना ही रीत परकी वाटू नये. पण म्हणून सगळंच रूपक आहे असं धरून चालू नका. काही गोष्टी शब्दशः केल्या जात, आणि टीकाकारांमध्येही त्यावरून मतभेद आहेत.

अभ्यासासाठी ग्रंथ कुणीही वाचू शकतो. साधना मात्र अभिषेक, 'लुंग' म्हणजे गुरुमुखातून मिळालेला पाठ, आणि प्रत्यक्ष मार्गदर्शन याशिवाय करू नये. इंटरनेटवरून मंत्र उचलून जप सुरू करणारे मित्र मी पाहिले आहेत. त्यांना कळकळीने सांगते, थांबा. मूळ संस्कृत ग्रंथांवर काम करायचं असेल तर सारनाथची तिबेटी अध्ययनाची संस्था गाठा. १९६७ साली ती सुरू झाली. तिथल्या दुर्लभ बौद्ध ग्रंथ विभागाचं 'धीः' हे नियतकालिक चाळलं, तरी संपादित ग्रंथांचा खजिना हाती लागतो.

आणि सारनाथला जायच्या आधी वेरूळचं बारावं लेणं, तीन ताल, बघून या. तिथे भिंतीवर नऊ चौकोन कोरले आहेत, मधल्यात बुद्ध आणि भोवती आठ बोधिसत्त्व: हे मंडल, देवतांची ठरलेली मांडणी. मंडल म्हणजे वर्तुळ असं मीही धरून चालले होते. त्या चौकोनांपुढे उभी राहिले आणि वहीतला तो अर्थ तिथेच खोडला.