चेंडू कागदावर गोल कसा दिसेल? छायाप्रकाश पाहायची आणि रेखाटायची रीत

वस्तुचित्रात बाह्यरेषा जमते, प्रमाणही जमतं, तरी गोल वस्तू चपटीच दिसते. एलिमेंटरी या चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांच्या कागदांवर हे हमखास आढळतं. कारण बहुतेक वेळा एकच: सगळ्यात गडद छटा कडेला दिलेली असते. प्रत्यक्षात ती कडेच्या आत असते. टेबल टेनिसच्या चेंडूवर हे एकदा नीट पाहून घ्या. पेरू, मडकं, माणसाचा गाल, सगळीकडे हाच हिशोब लागू पडतो.

मांडणी. चकाकी नसलेला पांढरा चेंडू कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा. घरंगळू नये म्हणून खाली चिमूटभर कणीक लावा. ट्यूबलाइट बंद करा, पडदे ओढा आणि एकच टेबल लॅम्प डावीकडून, थोडा वरून लावा. दोन दिवे असले तर दोन सावल्या पडतात आणि नवशिक्याला काहीच उलगडत नाही.

सीमा शोधा. डोळे अर्धवट मिटून पाहा. बारकावे पुसले जातात आणि दोनच भाग उरतात, उजेडाचा आणि सावलीचा. त्यांच्यामधली सीमा म्हणजे किरण चेंडूला जिथे नुसते चाटून जातात ती जागा. तिच्या अलीकडे उजेड किती, हे किरण किती तिरपे पडतात यावर ठरतं. योहान लॅम्बर्टने १७६० मध्ये हा नियम मांडला: पृष्ठभागावर किरण सरळ पडले तर पूर्ण उजेड, ६० अंश कलले तर निम्मा, ९० अंशांना शून्य. म्हणजे पहिला निम्मा उजेड ६० अंशांत जातो आणि उरलेला निम्मा शेवटच्या ३० अंशांतच संपतो. म्हणून छटा सुरुवातीला सावकाश गडद करायची आणि सीमेजवळ भरभर. सगळीकडे एकाच वेगाने गडद केलेला गोल खोटा वाटतो तो यामुळेच.

याच सीमेवर खडबडीतपणा सगळ्यात स्पष्ट दिसतो. चंद्राची विवरं अष्टमीच्या आसपास दुर्बिणीतून ठसठशीत दिसतात, पौर्णिमेला मात्र सपाट वाटतात, ती याच कारणाने. गॅलिलिओने १६०९ मध्ये चंद्राच्या अंधाऱ्या भागात, सीमेपासून थोडे दूर, चमकणारे ठिपके पाहिले. ती ऊन आधी पकडणारी पर्वतशिखरं आहेत हे त्याने ताडलं आणि १६१० मध्ये आपल्या चित्रांसह छापलं. त्याला चित्रकलेची उत्तम जाण होती, त्यामुळे सावलीवरून उंचसखलपणा वाचणं त्याला जमलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

आता चेंडूवरच्याच सावलीच्या आत पाहा. इथे घाई करू नका. सीमेला लागून एक गडद पट्टा आहे, आणि त्याच्या पलीकडे, खालच्या कडेला, चेंडू पुन्हा किंचित उजळलेला आहे. तो उजेड खालच्या कागदावरून उसळून आलेला. खात्री करायची असेल तर सावलीच्या बाजूला चेंडूलगत काळं कापड सरकवा, उजळपणा विझतो. लाल कागद ठेवला तर कड लालसर होते. मात्र हा परावर्तित उजेड कितीही डोळ्यांत भरला तरी उजेडाच्या बाजूच्या छटांपेक्षा तो गडदच ठेवायचा. इथे हात सैल सुटला की चेंडू काचेचा दिसू लागतो.

पडछाया. उन्हात, सूर्य ४५ अंशांवर असताना, ४० मिलिमीटरच्या चेंडूची सावली ४० मिलिमीटर रुंद आणि साधारण ५७ मिलिमीटर लांब पडते. सूर्य ३० अंशांवर उतरला की लांबी ८० होते. चेंडू टेकतो तिथे सावली सगळ्यात गडद आणि तिची कड रेखीव असते. लांब जाताना कड विरत जाते, कारण दिवा हा बिंदू नसतो, त्याला आकार असतो. दिव्याचा काहीच भाग दिसत नाही ती प्रच्छाया, थोडा दिसतो ती उपच्छाया. ग्रहणात हेच शब्द वापरतात.

पेन्सिल. एचबीने बाह्यरेषा अगदी पुसट काढा. मग २बीने सावलीची बाजू आणि पडछाया एकाच सपाट छटेने भरून टाका. उजेडाच्या बाजूला अजून हात लावू नका. सीमेचा पट्टा आणि टेकलेली जागा ४बीने गडद करा. त्यानंतरच सीमेकडून उजेडाकडे मधल्या छटा उतरवा. बोटाने घासू नका, कागद तेलकट होतो आणि छटा मळते. शेवटी चेंडूची सावलीकडची बाह्यरेषा खोडून टाका, तिथे कड दोन छटांच्या फरकानेच दिसली पाहिजे.

चकचकीत स्टीलची वाटी काढायची असेल तर चमकेची जागा आधी पक्की करा. चेंडूवरची सीमा तुम्ही कुठूनही पाहिलंत तरी जागची हलत नाही. चमक मात्र आरशातल्या प्रतिबिंबासारखी असते, डोकं हललं की सरकते. म्हणून चित्र पूर्ण होईपर्यंत एकाच जागी, एकाच उंचीवर बसा.