नळाला धार नाही? नवी मोटर घेण्याआधी या चुका टाळा

विहिरीवर मोटर आहे, गच्चीवर टाकी आहे, टाकी भरतेही; पण वरच्या मजल्यावरचा शॉवर सोडला की पाणी नुसतं ठिबकतं. मग घरात एकच निदान होतं: "मोटर कमी पडतेय, एक एचपीची बसवू." दुकानदार कशाला नाही म्हणेल? नवी मोटर बसते, टाकी थोडी लवकर भरते आणि शॉवर आधीसारखाच ठिबकत राहतो.

गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणाऱ्या पाण्याला मोटरचा दाब मिळतच नाही. मोटरचं काम टाकीपाशी संपलं. तिथून खाली जो दाब मिळतो तो फक्त उंचीचा: १० मीटर उभ्या उंचीला साधारण १ बार (बार हे दाब मोजायचं एकक). शॉवर टाकीतल्या पाण्याच्या दीड-दोन मीटरच खाली असेल, तर त्याला मिळतात जेमतेम ०.१५ ते ०.२ बार. तळमजल्यावरच्या नळाला बरी धार आणि वर रडगाणं, हे त्यामुळेच. ५०० लिटरच्या जागी २००० लिटरची टाकी ठेवूनही यात काही फरक पडत नाही. पाणी किती आहे याला महत्त्व नाही, ते किती उंचावर आहे याला आहे. टाकी आणखी दीड मीटर उचलली तर मात्र फरक लगेच कळतो. अर्थात भरलेल्या १००० लिटरच्या टाकीचं वजन टनभर असतं. चार विटा रचून ती उचलू नका. खालच्या बांधकामाला भार पेलेल का, ते आधी तपासून घ्या.

म्हणून आधी दुखणं कोणत्या बाजूला आहे ते ठरवा: विहीर ते टाकी, की टाकी ते नळ. मोटर चालू करून गच्चीवर जा आणि टाकीत पडणारी धार बघा. १५ लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजून भिंतीवर लिहून ठेवलं, तर पुढच्या वर्षी "कमी झालीय बहुतेक" असं म्हणायची वेळ येणार नाही. टाकीतली धार नेहमीसारखी असेल तर विहिरीकडे फिरकायचंसुद्धा कारण नाही.

टाकीपासून नळापर्यंत

एकाच नळाला धार कमी असेल तर त्या नळाच्या तोंडाची जाळी काढा. बोअरच्या जड पाण्याने तिथे क्षारांचा पांढरा थर बसतो. जाळी रात्रभर व्हिनेगरमध्ये किंवा लिंबूसत्वाच्या पाण्यात बुडवून ठेवली की मोकळी होते. सुई घालून शॉवरची भोकं मोठी करू नका. फक्त गरम पाण्यालाच धार नसेल तर गीझर आणि त्याचा कॉक बघा.

सगळ्याच नळांना धार कमी असेल तर टाकीखालचा गेट व्हॉल्व्ह तपासा. जुन्या व्हॉल्व्हची आतली पट्टी दांड्यापासून सुटते. वरचं चाक छान फिरतं, आपण समजतो पूर्ण उघडलाय, आणि पट्टी आत अर्ध्यात अडकलेली असते. ही चूक दिसत नाही म्हणून सर्वांत जास्त वेळ खाते. त्या जागी पूर्ण भोकाचा बॉल व्हॉल्व्ह टाकावा.

टाकी धुतल्यानंतर किंवा एकदा पूर्ण रिकामी झाल्यानंतर धार गेली असेल, तर पाइपात हवा अडकली आहे. टाकीतून निघणाऱ्या पाइपला टाकीच्या झाकणापेक्षा उंच, वर उघडा असा एअर पाइप असायला हवा. 'याचं काय काम' म्हणून तो बुच मारून बंद केलेला आढळतो. बुच काढा, सगळ्यात खालचा नळ पूर्ण सोडून ठेवा. हवा बहुधा निघून जाते.

राहिला पाइपचा व्यास. टाकीपासूनच अर्धा इंची पाइप खाली आणून त्यावर दोन बाथरूम आणि स्वयंपाकघर चालवणं हा काटकसरीचा चुकीचा प्रकार. व्यास निम्मा केला की तेवढंच पाणी नेताना घर्षणात वाया जाणारा दाब सुमारे ३० पट होतो. टाकीतून खाली उतरणारा मुख्य पाइप सव्वा किंवा दीड इंची आणि फक्त नळापाशी अर्धा इंची ठेवावा. जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल तर एक तुकडा कापून आत बघा. बऱ्याचदा गंजाने बोटभर जागासुद्धा उरलेली नसते, आणि त्यावर पाइप बदलण्याखेरीज इलाज नाही.

विहिरीपासून टाकीपर्यंत

काठावर बसवलेली मोनोब्लॉक मोटर (मोटर आणि पंप एकाच सांगाड्यात) पाणी कितीही खोलवरून ओढेल, असा एक भाबडा समज आहे. हवेचा दाबच मर्यादित असल्याने व्यवहारात ७ मीटरच्या आसपास तिची हद्द संपते, मग मोटर एक एचपीची असो की पाचाची. कोकणातल्या विहिरीत पावसाळ्यात पाणी काठाशी असतं आणि मे महिन्यात तळाला जातं. उन्हाळ्यात मोटर 'आजारी पडते' ती त्यामुळे. तिला खालच्या टप्प्यावर उतरवा किंवा पाण्यात बुडणारी ओपनवेल मोटर घ्या.

दर वेळी पाणी भरून मोटर चालू करावी लागत असेल तर फूटव्हॉल्व्ह, म्हणजे विहिरीतल्या पाइपच्या तळाची पाणी परत जाऊ न देणारी झडप, गळतोय. झडपेत पान, काडी किंवा गाळ अडकलेला असतो. व्हॉल्व्ह तळापासून दोनेक फूट वर आणि पाण्यात नीट बुडालेला हवा. पृष्ठभागाजवळ आला की भोवऱ्यातून हवा ओढतो. मोटर पाणी ओढते त्या बाजूच्या पाइपचा सांधा सैल असेल तर बाहेर थेंबही दिसत नाही, कारण तिथे पाणी बाहेर न येता हवा आत जाते. मोटर चालू असताना सांध्यांवर साबणाचं पाणी लावा: फेस आत ओढला गेला की जागा सापडली.

थ्री फेज मोटर असेल आणि लाइनचं काम झाल्यानंतर पाणी अचानक कमी झालं असेल, तर फेज उलटे झाल्याची शक्यता मोठी. मोटर उलटी फिरते, आवाज करते, थोडं पाणीही देते, म्हणून संशय येत नाही. वायरमनकडून कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करून घेतली की काम झालं. सिंगल फेजला हा प्रकार होत नाही. तिथे कमी व्होल्टेज आणि पॅनेलमधला कपॅसिटर बघावा.

बोअरची धार खंड पडत, हवा सोडत येत असेल तर बोअरमध्ये येतं त्याहून जास्त पाणी मोटर उपसतेय. आपल्या बेसॉल्टमध्ये (काळ्या खडकात) पाणी भेगांतून आणि झिजलेल्या थरांतून येतं, त्याचा वेग ठरलेला असतो. इथे मोठी मोटर टाकणं हा उलटा उपाय आहे. बाहेरचा कॉक थोडा आवळा, थांबून थांबून उपसा करा आणि पॅनेलला ड्राय रन संरक्षण (पाणी संपलं की मोटर आपोआप बंद करणारी सोय) बसवा. पाण्याची पातळी चांगली असूनही धार कमी असेल, तर आतल्या पाइपला चीर जाऊन पाणी बोअरमध्येच परत पडत असण्याची शक्यता धरा.

एक गोष्ट मात्र कोणत्याही दुरुस्तीपेक्षा आधी. विहिरीत उतरण्यापूर्वी मेन स्विच बंद करा, काठावर दोरीसह माणूस ठेवा, आणि आत डिझेल इंजिन चाललं असेल किंवा विहीर बरेच दिवस बंद असेल तर उतरूच नका. कंदील सोडून बघायची जुनी पद्धत पुरेशी नाही; इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड ज्योत विझवत नाही.

प्रेशर पंप लावलाय, तरी?

टाकीनंतर दाब वाढवण्यासाठी लावलेला हा पंप सारखा चालू-बंद होत असेल तर त्याच्या छोट्या टाकीतली हवा गेलेली असते. वीज बंद करा, नळ सोडून दाब शून्यावर आणा, मग हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबा. पाणी आलं तर आतला रबरी फुगा फाटला. हवा आली तर सायकलच्या पंपाने भरा: पंप ज्या दाबाला सुरू होतो त्यापेक्षा ०.१ ते ०.२ बार कमी.

आणि सगळं तपासूनही मोटर बदलायचीच ठरली तर एचपी विचारू नका, प्लेटवरचा हेड, म्हणजे मोटर पाणी किती मीटर चढवते तो आकडा, वाचा. मे महिन्यात पाणी जमिनीखाली १२ मीटर, टाकीचं तोंड जमिनीवर ९ मीटर, म्हणजे २१. घर्षणाचे दोन-तीन मीटर धरून झाले २४. प्लेटवर हेडची किमान आणि कमाल मर्यादा दिलेली असते. तुमचा २४ त्या दोन्हींच्या मध्यावर यावा, टोकावर नको.